भेकर दोन, रानडुक्कर एक

ताइपे
११ नोव्हेंबर २००३

दादा,

फोनच करणार होते. पण दुकानातला फोन तू उचललास की निम्मी वस्ती मीठ घ्यायचं निमित्त काढून तिथे उभी राहते, आणि तू नुसता "हं, हं" करतोस. म्हणून पत्र. हे चिनाला मोठ्याने वाचून दाखव, तिच्या डाव्या कानाशी; आईला उजव्याने आता ऐकू येत नाही ना.

वन्यजीवांच्या कायद्यात बदल होणार आहे. त्यात पहिल्यांदाच एक कलम येतंय: डोंगरातल्या माणसांना आपल्या सणासाठी, विधीसाठी शिकार करता येईल. सरकारने एक सल्लागार समिती नेमली आहे आणि तिच्यात मला घेतलंय! प्राध्यापक आहेत, वनखात्याचे साहेब आहेत, प्राणी वाचवणाऱ्या संस्थेच्या एक बाई आहेत. डोंगरातली मी एकटी. सगळे मला माझ्या चिनी नावाने हाक मारतात. पहिल्या बैठकीत दोनदा मला कळलंच नाही की मलाच बोलावतायत.

तामाला भेकरापायी बेड्या घालून नेलं, तेव्हा मी शाळेच्या खिडकीतून आपल्या बापाला जाताना बघत होते. जीप गेल्यावर बाईंनी धडा पुढे चालू केला. परवा त्या टेबलाशी बसले तेव्हा तेच डोळ्यांपुढे होतं. दादा, तामा गेला तेव्हा त्याच्या नावापुढे 'गुन्हेगार' लिहिलेलं होतं. तुझ्या नावापुढे ते लागू नये, एवढंच मला हवंय.

बंदुकीचा मुद्दा मात्र मी काढला नाही. आत्ता फक्त स्वतःच्या हाताने बनवलेली ठासणीची बंदूक चालते, तसंच राहणार. अध्यक्षांनी मला चहाच्या वेळी बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, बंदुकीला हात लावलात की पोलीस खातं उठून बसेल आणि सगळंच बुडेल. आधी शिकार पदरात पाडून घ्या. बंदुकीचं पुढे बघू." मला ते पटलं. सगळं एकदम मागणाऱ्याच्या हाती काही येत नाही.

आबुस वहिनीला सांग, वाळवलेला बांबूचा कोंब संपला. इथे मिळतो तो नुसता पाणी असतो.

लांगुई

•

घर
२० डिसेंबर

लांगुई,

पत्र चिनाला वाचलं. तिने रविवारी देवळात पाद्रीबाबांना सांगितलं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं. आता दाहूकाका मला "सरकारचे मेहुणे" म्हणतो. मी म्हटलं, मेहुणा नाही, भाऊ. तर म्हणतो, सरकारला काय फरक पडतो!

तुझं कौतुकच आहे. पण एक विचारू? त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणाला मुंगळ्यांनी भरलेल्या अंथरुणात झोपायची सवय आहे? नसेल तर तू निदान त्यांना चहा तरी गरम पाजायला सांग.

चेष्टा सोड. कलम चांगलं आहे. पण दाहूकाका म्हणतो, परवानगी मागायची म्हणजे आधी सांगायचं आलं. आणि आपण तर सांगत नाही. घरातून निघताना कुणी विचारलं तर "जरा वर जाऊन येतो" म्हणतो. आज अमुक मारून आणतो, असं जो बोलला त्याला डोंगर रिकामा परत पाठवतो. रात्री स्वप्न वाईट पडलं तर बेत रद्द. निघताना कुणी शिंकलं तर सामान खाली. हे तुझ्या साहेबांना समजावता आलं तर बघ. नाही आलं तरी मी तुझ्यावर रुसणार नाही.

तामाचं तू लिहिलंस. तो तुरुंगातून आला तेव्हा तू वसतिगृहात होतीस. पहिले काही दिवस तो घरात बसूनच असायचा. मग एका पहाटे न सांगता उठून वर गेला आणि रात्री उडती खार घेऊन आला. चिनाने रस्सा केला. त्याने वाटी पुसून खाल्ला. तेव्हा मला कळलं की हा माणूस आता बरा झाला.

कोंब पाठवतोय. आबुसने त्यात वाळलेली मिरचीपण टाकली आहे. ती म्हणते तू आटलीस.

हाइसुल

•

ताइपे
१६ फेब्रुवारी २००४

दादा,

झालं! कायदा मंजूर झाला. मी वर प्रेक्षकांच्या जागेत बसले होते. हात वर झाले, खाली आले, पुढच्या विषयाचा पुकारा झाला. एवढंच. पण मी बाहेर येऊन रस्त्यावर रडले. एका टॅक्सीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, नोकरी गेली का?

तुझं शिंकेचं आणि स्वप्नाचं मी बैठकीत सांगितलं. चेष्टा नाही कुणी केली. प्राध्यापकांनी तर लिहून घेतलं. पण वनखात्याचे साहेब म्हणाले, "आमच्या अर्जात तारीख, जागा, जनावर आणि संख्या यांचे रकाने आहेत. शिंकेचा रकाना कुठून आणू?" सगळे हसले. मीही हसले, दादा. माणूस वाईट नव्हता.

आता काम तुझ्याकडे. एप्रिलच्या शेवटी कानांचा सण आहे, पोरं भेकराच्या टांगलेल्या कानांवर बाण मारतील. त्याच्या शिकारीसाठी आपल्या वस्तीचा अर्ज यावा, असं मला वाटतं. आपल्या भागातला पहिलाच. नियमाने गेले, नियमाने आणलं, सण झाला, कुणाला बेड्या पडल्या नाहीत, एवढं एकदा दिसलं की पुढच्या बैठकीत मला बोलता येईल. कलम कागदावर असून चालत नाही, कुणीतरी पहिल्यांदा ते चालवून दाखवावं लागतं.

मला तुझ्याशिवाय कुणाचा भरवसा नाही. करशील?

लांगुई

•

घर
१४ मार्च

लांगुई,

अर्ज भरला. कसा भरला ते ऐक.

चौकीतल्या श्ये हवालदाराने टेबल अंगणात आणलं, कारण आत सगळे मावेनात. श्ये वाचत होता, मी उत्तरं देत होतो, दाहूकाका मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता.

"कुठलं जनावर?"

दाहूकाका म्हणाला, "जे येईल ते."

"'जे येईल ते' असं जनावर यादीत नाही, काका."

"मग रिकामं ठेव."

"रिकामं ठेवलं तर अर्ज परत येतो. भेकर लिहू का? सणाला कान भेकराचेच लागतात ना?"

दाहूकाका उठून सुपारीच्या झाडाखाली गेला आणि पाठ करून उभा राहिला, आपल्या कानावर पडू नये म्हणून. मग मी हळूच सांगितलं. भेकर दोन, रानडुक्कर एक. श्येनेही हळूच लिहिलं. बिचारा चिनी माणूस, पण आवाज आपोआप खाली गेला त्याचा. पुढे तारखांचा रकाना. चार दिवस मिळतात. मी म्हटलं, पाऊस लागला तर? तो म्हणाला, "तर पुढच्या वर्षी."

घरी आल्यावर दाहूकाकाने राळ्याची दारू जमिनीवर सांडली आणि वर बघून म्हणाला, "पोराने सांगितलं ते ऐकू नका. त्याची बहीण ताइपेला आहे." म्हणजे आता डोंगरालाही तुझी ओळख झाली.

एक गोष्ट, वाचून झाली की हे पान जाळ. आमच्याकडे एक दुनळी होती, कारखान्यातली, तुला ठाऊकच आहे. तामाच्या दोस्ताची. वस्तीत आळीपाळीने वापरायचो. आता समितीतल्या बाईच्या भावाकडे ती सापडली तर तुझं तोंड काळं होईल. म्हणून ती मी नदीच्या डोहात टाकली. दाहूकाका दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आता नियमाप्रमाणे नवी ठासणीची बनवतोय. नळीसाठी पोलादी पाइप आणलाय. दस्ता मात्र असा घडवलाय की तू बघत राहशील. अक्रोडाचं लाकूड आहे.

तर तू निर्धास्त राहा.

हाइसुल

•

ताइपे
९ एप्रिल

दादा,

परवानगी निघाली! दोन प्रती सोबत आहेत. चौकीत एक दे, एक खिशात ठेव, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. २१ ते २४ एप्रिल. वाटेत कुणी अडवलं तर आवाज न चढवता कागद दाखव.

डोहाचं वाचलं. पान जाळलं. दादा, तू माझ्यासाठी केवढं केलंस! मला खरंच हायसं वाटलं. इतकी वर्षं ती बंदूक घरात आहे म्हणून मला रात्री दचकून जाग यायची.

सणाला यायचं फार मनात होतं. पण त्याच आठवड्यात सुनावणी लागली आहे. प्राणीवाल्या बाईंनी अजून हत्यार टाकलेलं नाही. परवा मला म्हणाल्या, "तुमची परंपरा मला मान्य आहे, पण भेकराला ती विचारली आहे का?" मी म्हटलं, "आमचे लोक विचारतात. उत्तर नाही आलं तर परत येतात." मग त्यांनीच मला छत्रीतून स्टेशनपर्यंत सोडलं.

फोटो काढायला सांग कुणाला तरी. तुझा, दाहूकाकांचा, आणि कानांवर नेम धरणाऱ्या पोरांचा. समितीत दाखवेन.

लांगुई

•

घर
१० मे

लांगुई,

सण झाला. पोरांनी बाण मारले. एक कान पडला तो थेट पाद्रीबाबांच्या पायापाशी. सगळे हसले.

फोटो नीट आले नाहीत. पाऊस होता.

माझ्या अंगठ्याला थोडं लागलंय, म्हणून आबुसकडून लिहून घेतोय. काळजीचं काही नाही. चिना बरी आहे. शेतात राळा चांगला आलाय.

आम्ही एक भेकर आणलं. नियमाने आणलं, हे समितीत सांग.

हाइसुल

•

ताइपे
१८ जून

दादा,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. एवढंसं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. दोनदा फोन केला, वहिनी म्हणाली शेतात आहेस. एकदा म्हणाली झोपलायस. दुपारी? तू?

खरं सांग, माझ्यावर रागावलायस ना? दुनळी टाकायला लावली म्हणून? की दाहूकाकांना त्या रकान्यांपायी पाठ करून उभं राहावं लागलं म्हणून? लोक काही बोलले का? एकच भेकर मिळालं, त्याचा ठपका अर्जावर आला असेल तर मला कळतं. पण मग तसं लिही ना. शिव्या दे. अंगठ्याचं निमित्त करून वहिनीकडून चार ओळी लिहून घेणं तुला शोभत नाही. कोंब तोडताना तुझं अर्धं बोट कापलं होतं, तेव्हाही तू दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड चालवत होतास.

इकडे तुमच्या शिकारीचा अहवाल मी बैठकीत वाचला. अर्ज केला, ठरल्या तारखांना गेले, परवानगीपेक्षा कमीच आणलं, काही गैर घडलं नाही. वनखात्याच्या साहेबांनी टाळी वाजवली. अध्यक्षांची इच्छा आहे की सप्टेंबरच्या बैठकीत तू स्वतः यावंस आणि दहा मिनिटं बोलावंस. गाडीभाडं ते देतील. मी हो म्हणून टाकलंय. ये ना. मी तुला स्टेशनवर घ्यायला येईन. माझी खोली तू अजून बघितली नाहीस.

राग घेऊन आलास तरी चालेल, पण ये.

लांगुई

•

घर
२ जुलै

लांगुई,

हे मी आबुस लिहितेय. त्याला ठाऊक नाही. तो चिनाबरोबर बाहेर बसलाय.

तुझं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. 'काही गैर घडलं नाही' इथे आले तेव्हा तो म्हणाला, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाला, "बरं झालं." आणि तोंड फिरवलं. तेव्हा मी ठरवलं की आता पुरे.

त्याचा उजवा हात मनगटापासून नाही. उजवा डोळा नाही. डाव्याने दिसतं, पण संध्याकाळी धूसर होतं. शहरातल्या दवाखान्यात होता. फोनवर मी तुला शेत सांगत होते तेव्हा तो तिथे होता.

कसं झालं ते सांगते. एकवीस तारखेला मुसळधार पाऊस. बावीसलाही. तेविसाला उघडलं. तिघं अंगणात सामान बांधत होते आणि चिना शिंकली. जोरात. सगळे थांबले. दाहूकाकांनी गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "झालं, परवा जाऊ." श्ये हवालदार कागद घेऊन उभाच होता. तो म्हणाला, "काका, परवा परवानगी संपलेली असेल." मग तुझा दादा म्हणाला, "म्हातारीची शिंक आहे, मिरचीची. आत कुणी मिरची भाजतंय असं समजा." हसला. मी त्याचा हात धरला. तो मला हळूच म्हणाला, "लांगुईचा पहिला अर्ज रिकामा जायला नको."

वर बंदुकीची दारू दमट झाली होती. भेकरावर चाप ओढला, नुसता फटकन आवाज झाला. त्याला वाटलं बार गेला. धूर, धुकं, काही दिसेना. त्याने परत ठासली. पहिली आतच होती. दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नळीच फुटली.

भेकर दाहूकाकांनी नंतर सुऱ्याने मारून आणलं, तुझ्या दादाला माणसांबरोबर खाली पाठवल्यावर. सणाला कान तर हवेच होते. तो म्हणाला होता, नेताना, झोळीत, "सण थांबवू नका."

त्याने मला शपथ घातली तुला न सांगायची. म्हणतो, तिला कळलं तर ती तिकडे बोलेल. बोलली तर पेपरात येईल की ह्यांना बंदूक हाताळता येत नाही, आणि कायदाच काढून घेतील. म्हणतो, तिने तामासाठी मिळवलंय ते, माझ्या हातापायी जायला नको.

चिनाला वाटतं सगळं तिच्या शिंकेने झालं. ती आता रुमाल तोंडाला बांधून बसते. दिवसभर. आम्ही सांगून थकलो.

मी तुला दोष देत नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं मला, पण देता येत नाही. तू ये. तो बोलावणार नाही.

आबुस

•

ताइपे
७ ऑक्टोबर

दादा,

घरून निघताना मी नीट निरोपही घेतला नाही. बस सुटेपर्यंत तू मला पपई कशी निवडायची ते सांगत होतास आणि मी मान हलवत होते. तीन आठवडे तुझ्या शेजारी बसून मी जे बोलू शकले नाही ते इथून लिहीन म्हटलं, तर तेही जमत नाहीये. म्हणून काय झालं तेवढं सांगते.

तू नको म्हणालास तरी मी बोलले. दाहूकाकांना विचारून बोलले. ते म्हणाले, "ज्याचा हात गेला तो गप्प बसला तर तो त्याचा मोठेपणा. तू गप्प बसलीस तर ते काय म्हणायचं?"

सप्टेंबरच्या बैठकीत तुझ्या नावाची पाटी ठेवली होती. मी ती उलटी केली. म्हटलं, माझा भाऊ येणार नाही. जूनमध्ये मी इथे वाचलं की काही गैर घडलं नाही, ते खोटं होतं, मला माहीत नव्हतं. मग सगळं सांगितलं. शिंक, तारखा, दमट दारू, पाइप. आणि कारखान्यातली चांगली बंदूक चालू द्या, असं मागितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण तिथे कुणाला कळायचं राहिलं नाही.

मग वनखात्याचे साहेब म्हणाले, "पण बंदुका आमच्याकडे येत नाहीत. ते दुसरं खातं." अध्यक्षांनी मान हलवली. आणखी एकजण म्हणाले, इतकं धोक्याचं असेल तर परवानगी थांबवणंच माणुसकीचं नाही का? दादा, तू जे म्हणाला होतास अगदी तेच. त्यावर उठून कोण बोललं माहीत आहे? प्राणीवाल्या बाई. म्हणाल्या, "त्यांनी चांगली बंदूक मागितली आहे आणि आपण त्यांचा सण काढून घेतोय. मी शिकारीच्या विरोधात आहे, पण हे लबाडीचं आहे."

परवानगी राहिली. तारखा चाराच्या दहा केल्या, पावसासाठी. बंदुकीचं तसंच राहिलं. बैठकीच्या टिपणात लिहिलंय: सुरक्षिततेबाबत एका सदस्याने चिंता व्यक्त केली, नोंद घेण्यात आली.

तुझ्या हाताचे सहा दिवस मिळाले, दादा. मी हिशोब करून बसले आणि मला स्वतःचीच किळस आली.

चहाच्या वेळी मी अध्यक्षांना म्हटलं, "तुम्ही पुढे बघू म्हणाला होतात." ते म्हणाले, "बघतोच आहोत." वाईट वाटत होतं त्यांना, तेही खरं. पण त्यांना ते कप खाली ठेवण्याइतकं वाटत नव्हतं.

राजीनामा लिहून ठेवलाय. पर्समध्ये आहे. काढायचा की फाडायचा ते कळत नाही. मी आधी मुद्दा लावून धरला असता तर कदाचित कायदाच झाला नसता, तू ती दुनळी घेऊन गेला असतास, आणि दोन्ही हातांनी परत आला असतास. किंवा बेड्या घालून. दोन्हीतलं मी काय निवडलं असतं, हे रोज स्वतःला विचारते.

चिनाचा रुमाल सुटला का?

लांगुई

•

घर
८ मे २००५

लांगुई,

हे मी लिहितोय. डाव्या हाताने. म्हणून एवढे महिने लागले, रागाने नाही. आबुस म्हणते, तुझी अक्षरं दारू प्यायलेल्या कोंबडीसारखी आहेत. वाचता आली नाहीत तर तिला फोन कर.

चिनाचा रुमाल सुटला. तुला फोनवर कळलंच आहे की ती झोपेत गेली. तू मातीला आलीस, त्या वेळी वस्तीभर माणसं होती, आपलं बोलणं झालं नाही. शेवटच्या आठवड्यात तिने रुमाल आपणहून काढला होता. मी तिला म्हटलं होतं, चिना, तू शिंकून सांगितलंस, मीच ऐकलं नाही. तिला ते पटलं. शिंक खोटी ठरण्यापेक्षा मुलगा हट्टी ठरला, हे तिला सोसवलं. आणि खरंही तेच आहे. मला थांबता आलं असतं. तू तारखा लिहिल्या नव्हत्यास आणि तू मला ढकललंही नव्हतंस. तुझी मान खाली जाऊ नये असं मला वाटलं, तो माझा तोरा.

तू विचारतेस काय निवडलं असतंस. तामा तुरुंगातून आला तेव्हा त्याचे दोन्ही हात शाबूत होते आणि तरी तो किती दिवस भाताचं ताट पुढे घेऊन नुसता बसायचा. मी जेवतो. एवढं तू ध्यानात ठेव. राजीनामा देऊ नकोस. तू उठलीस की त्या टेबलाशी शिंकेचं नाव काढणारं कुणी उरणार नाही. बंदुकीचं दर बैठकीला काढ. ते कंटाळतील, कंटाळू दे.

या वर्षी अर्ज आबुसने भरला. पोरं दहा दिवसांची परवानगी घेऊन गेली. दोनदा वाटेतून परत आली, एकदा पक्षी डावीकडून बोलला म्हणून आणि एकदा कुणाला तरी स्वप्न पडलं म्हणून. तिसऱ्यांदा गेली. तुझे सहा दिवस त्यात उपयोगी पडले, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी दोन दिवस ओढ्याच्या वळणापाशी जाऊन बसत होतो, कानोसा घेत. एक बार ऐकू आला. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी उभा राहिलो. मग वरून आरोळी आली, आनंदाची, आणि मी खाली बसलो. सगळे धड आले. बंदुका त्याच आहेत, पाइपाच्या.

संध्याकाळी दाहूकाकाच्या अंगणात वाटे घातले. तुला माहीत आहे कसं असतं. आधी ज्यांनी मारलं त्यांची नावं पुकारतात, मग जे बरोबर गेले त्यांची, मग घराघराची. सगळ्यात शेवटी ज्यांना आता वर चढवत नाही त्यांची: म्हातारे, दात पडलेले, काठीवाले. त्यांना काळीज देतात, कारण ते चावावं लागत नाही. मी आबुसबरोबर घरांच्या रांगेत उभा होतो. घरांची नावं झाली. आमच्या घराचा वाटा आबुसने घेतला. आम्ही निघालो.

तेवढ्यात काकाने परत हाक मारली. "हाइसुल."

त्याच्या हातात सुरा होता आणि पानावर काळजाचा तुकडा. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हाताऱ्यांच्या रांगेतून पुढे गेलो आणि डावा हात पुढे केला. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, लांगुई. काकाने पान माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं आपल्या बोटांनी मिटवली, पडू नये म्हणून.

आबुसने ते मिठात परतलं. मी खाल्लं. मऊ होतं.

हाइसुल